मदरबोर्ड आधी तपासा, मग ओव्हरक्लॉक करा: मे महिन्यातही टिकेल अशी पद्धत

"भाऊ, कालपर्यंत झकास चालत होता. आज चालूच होईना गेलाय." मार्च संपत आला की हे वाक्य माझ्या टेबलासमोर ऐकू येऊ लागतं. खोदून विचारलं की कळतं, दिवाळीच्या सुट्टीत व्हिडिओ बघून कॉम्प्युटर ओव्हरक्लॉक केला होता, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवला होता, पण त्याआधी बोर्ड, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), रॅम यांतलं काहीच तपासलं नव्हतं. परभणीत डिसेंबरच्या पहाटे पारा सहा-सात अंशांवर उतरतो. त्या थंडीत बसवलेली सेटिंग मेच्या ४३ अंशांत तशीच चालेल, असं लोक धरून चालतात. ती चालत नाही.

बहुतेकांची चूक क्रमाची असते. म्हणून खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमानं करा. घाई झालीच तर शेवटच्या पायऱ्या सोडा, सुरुवातीच्या सोडू नका.

पायरी १: सामान जमवा

मल्टिमीटर, टेस्टर, चुंबकी टोकाचा स्क्रूड्रायव्हर, दोन पेन ड्राइव्ह, बोर्डवरची सीआर-२०३२ ची नवी बटन बॅटरी, थर्मल पेस्ट, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, रंगकामाचा मऊ ब्रश, खोलीचं तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर आणि एक वही. वही आणायला कुणीच तयार नसतं आणि नंतर सगळ्यांना तीच हवी असते. प्रत्येक बदल, वेळ, खोलीचं तापमान आणि निकाल एका ओळीत लिहायचा.

महत्त्वाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. रॅम अस्थिर असली की विंडोज आणि फायली गुपचूप खराब होत राहतात, आणि तसा कुठलाही संदेश येत नाही.

पायरी २: भिंतीतला सॉकेट

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात का? टेस्टर टेकवला की तो उजळतो का? मग तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले असतात. ती गळती जमिनीत जायला वाट मिळाली नाही की पत्र्यावर शंभर-सव्वाशे व्होल्ट दिसतात. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत अर्थची वायर सॉकेटपर्यंत आलेली असते, पण पुढं ती कशालाच जोडलेली नसते.

मल्टिमीटर एसी ७५० किंवा ६०० च्या रेंजवर ठेवून तीन मोजमापं घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टांच्या आत.

सावधान: हे चालू लाईनवरचं काम आहे. सवय नसेल तर वायरमनला बोलवा.

हेच मोजमाप रात्री आठलाही घ्या. शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की काही गावांत घरातला व्होल्टेज १८०-१९० वर आलेला मी मोजलाय. तिथं आधी स्टॅबिलायझर किंवा चांगला यूपीएस लागतो, ओव्हरक्लॉकचा विचार त्यानंतर. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असेल तर मागचा स्विच यूपीएस मोडवर आहे ना, ते बघा. दुसऱ्या मोडवर लाईट जाताच तो बॅटरीवर यायला उशीर करतो आणि कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. लोक दोष देतात बोर्डाला.

पायरी ३: धूळ, पाली आणि नजरेची तपासणी

प्लग काढा, पॉवर बटन दहा सेकंद दाबून धरा, मग कॅबिनेट उघडा. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी झाली की तिची बारीक धूळ प्रत्येक हीटसिंकमध्ये बसलेली सापडते. ब्रश आणि ब्लोअरनं साफ करा. फॅनची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर हवेनं ती भन्नाट फिरून बेअरिंग जातं. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरवर कॅबिनेट नेऊ नका. त्याच्या टाकीत साचलेलं पाणी आणि तेल हवेबरोबर थेट बोर्डावर येतं.

आता बॅटरीच्या उजेडात नीट बघा: फुगलेले किंवा टोकाला फुटलेले कपॅसिटर, सॉकेटभोवती तपकिरी झालेली जागा, जळका वास, स्लॉटमध्ये अडकलेलं काही. एका बोर्डाच्या मागच्या बाजूला मला वाळलेली पाल सापडली होती. तिच्या शेपटीखाली दोन टाके हिरवे पडले होते. पाल काढून अल्कोहोलनं जागा पुसली आणि बोर्ड सुरू झाला. मालकाकडे मात्र नव्या बोर्डाचं कोटेशन तयार होतं.

खोलीतला कूलर, म्हणजे वाळ्याचा, प्रोसेसरचा नव्हे, त्याचा झोत सरळ कॅबिनेटवर येत असेल तर दिशा बदला. आपल्याकडं बोअरचं पाणी जड असतं. त्याच्या तुषारांबरोबर आलेला क्षार बोर्डावर पांढरा थर धरतो, आणि ओलाव्यात तोच थर वीज वाहून नेऊ लागतो.

तपासा: बोर्डवरची बॅटरी मल्टिमीटरवर २.८ व्होल्टांच्या खाली असेल तर आत्ताच बदला. पुढच्या निम्म्या गोंधळांचं मूळ तिच्यात असू शकतं.

पायरी ४: एसएमपीएसचा कागदी आकडा आणि खरा आकडा

लेबलवरच्या मोठ्या वॉटच्या आकड्यावर जाऊ नका. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टांच्या लाईनवरून घेतात. तिथं १८ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॉट. वर ४५० छापलेलं असलं तरी तुमच्या कामाचे एवढेच. कॅबिनेटसोबत 'फ्री' आलेल्या एसएमपीएसवर ओव्हरक्लॉक करायचा नाही, यावर मी वादही घालत नाही.

मोजमाप भार देऊन करा. एसएमपीएस नुसता सोडून हिरवी आणि काळी वायर जोडली तर तो चालू होतो की नाही एवढंच कळतं. कॉम्प्युटर चालू ठेवून, वर स्ट्रेस टेस्ट (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा प्रोग्रॅम) लावून, मोकळ्या मोलेक्स (चार पिनी) कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये मोजा. ११.४ ते १२.६ ही मर्यादा आहे. लाल-काळ्यात ४.७५ ते ५.२५. भाराखाली पिवळी ११.४ च्या खाली गेली तर इथंच थांबा.

सावधान: मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणाऱ्या, एसएमपीएसची केबल दुसऱ्या कंपनीच्या, किंवा त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलच्या एसएमपीएसला लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाची जोडणी वेगळी असते आणि डिस्क क्षणात जळते. तसंच प्रोसेसरचा आठ पिनी कनेक्टर आणि ग्राफिक्स कार्डचा आठ पिनी कनेक्टर यांची धन-ऋण बाजू उलट असते. जोर लावावा लागतोय असं वाटलं की समजा, भलताच हातात आहे.

पायरी ५: बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर

बोर्ड आधीपासून बिनतक्रार चालत असेल तर ही पायरी सोडा. नवा, जुन्या बाजारातला किंवा संशयित बोर्ड असेल तर करायचीच. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, चंदेरी पिशवीवर नको. तिचा बाहेरचा थर वीज वाहून नेऊ शकतो.

त्यावर फक्त चार गोष्टी लावा: प्रोसेसर, त्याचा कूलर, रॅमची एक पट्टी आणि एसएमपीएसच्या दोन्ही केबल (बोर्डाची मोठी आणि प्रोसेसरची). प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल, उदाहरणार्थ इंटेलचा 'एफ' अक्षराचा, तर कार्डही लागेल. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा.

एप्रिल-मेची कोरडी हवा स्थिर विजेला फार पोषक. पॉलिस्टरचा शर्ट घालून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हे काम नको. अर्थिंग केलेल्या पत्र्याला अधूनमधून हात लावत राहा.

बोर्डावर चार बारके दिवे असतील तर सुरू होताना ते प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, बूट असे पेटत जातात. ज्यावर अडकेल तिथं दोष शोधा. मात्र रॅमचा दिवा अडकला म्हणून लगेच रॅम विकत आणू नका. सॉकेटमधली एखादी वाकलेली पिन किंवा एका बाजूनं जास्त आवळलेला कूलर हेच लक्षण दाखवतो. कूलर सैल करून, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे फिरवत पुन्हा बसवा.

एएमडीच्या एएम-५ सॉकेटचे बोर्ड डीडीआर-५ रॅमसोबत पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं काळा पडदा दाखवतात. रॅमची जुळवणी चालू असते. 'बोर्ड मेला' म्हणून मधेच स्विच बंद करणारे फार. दहा-पंधरा मिनिटं थांबा, चहा घेऊन या.

पुठ्ठ्यावर चालला आणि कॅबिनेटमध्ये चालेना? खालचे पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे खांब, मोजा. माझ्या स्वतःच्या बोर्डावर मी दोन दिवस घालवले होते. रॅम बदलली, एसएमपीएस बदलला, आणि शेवटी जुन्या मोठ्या बोर्डाचा एक जादाचा स्टँडऑफ पत्र्यावर तसाच राहिलेला सापडला. तो नेमका एका टाक्याला टेकत होता.

पायरी ६: बायोस

बायोस म्हणजे बोर्डातलाच प्रोग्रॅम, जो कॉम्प्युटर सुरू करतो आणि ज्यात सगळ्या सेटिंग असतात. नवा बायोस टाकायचा असेल तर चार्ज झालेल्या यूपीएसवरच टाका, आणि सकाळी, लाईट भरवशाची असते त्या वेळेत. पेन ड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा. फाइल बोर्डाच्या नेमक्या आवृत्तीची घ्या, नाव सारखं असलं तरी बोर्डावर छापलेला रिव्हिजन क्रमांक बघून.

इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर हे ऐच्छिक नाही. त्यांतले काही प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून स्वतःला झिजवत होते. इंटेलनं ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोड (बायोसमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) देऊन ती मागणी १.५५ व्होल्टांवर अडवली. जुन्या बायोसवर असा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करणं म्हणजे भेगाळलेल्या भिंतीवर दुसरा मजला चढवणं.

अपडेट झाला की 'लोड डिफॉल्ट्स' करा आणि बाहेर पडा. अजून काहीही वाढवायचं नाही.

पायरी ७: मूळ सेटिंगवर कस

ही पायरी लोक सर्रास गाळतात.

रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर चार स्लॉटच्या बोर्डावर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. एक्सएमपी (रॅमचा वाढीव वेग लावणारी बायोसमधली तयार सेटिंग) बंद ठेवून मेमटेस्ट-८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तर ती चूकच. 'एकच तर आहे' असं म्हणून पुढं जाऊ नका. एकेक पट्टी वेगळी लावून दोषी कोण ते शोधा.

मग विंडोजमध्ये तापमान-व्होल्टेज दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो उघडा आणि सिनेबेंच किंवा ओसीसीटी ही भार देणारी टेस्ट अर्धा तास चालवा. वहीत लिहा: खोलीचं तापमान, प्रोसेसरचं कमाल तापमान, प्रत्यक्ष वेग, गुण, आणि सेन्सर असेल तर व्हीआरएमचं (बोर्डावरचा, प्रोसेसरला लागेल तो व्होल्टेज बनवून देणारा भाग) तापमान.

खोलीचं तापमान का, ते सांगतो. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली जितके अंश तापते, साधारण तितकेच अंश प्रोसेसरही वर जातो. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत ७८ आला असेल, तर मेमध्ये पत्र्याखालच्या ३८ अंशांच्या खोलीत तो ९४ च्या आसपास जाणार. हे गणित एवढं सरळ आहे, तरी ते आधी कुणी मांडत नाही.

तपासा: मूळ सेटिंगवरच प्रोसेसर नव्वदी गाठत असेल तर पेस्ट, कूलर आणि हवेचा मार्ग सुधारा. ओव्हरक्लॉक पुढच्या महिन्यात.

व्हीआरएमबद्दल एक गोष्ट. टॉवर कूलर काढून लिक्विड कूलर बसवला की प्रोसेसर थंड होतो, पण सॉकेटभोवतीची हवा थांबते आणि व्हीआरएम तापतो. तिथं एक छोटा फॅन लावावा लागतो. व्हीआरएमवर हीटसिंकच नसलेल्या बोर्डावर प्रोसेसरचा व्होल्टेज वाढवू नका. सेन्सर शंभरच्या पुढं गेला की टेस्ट बंद.

पायरी ८: तुमचा बोर्ड हे करू देतो का?

इंटेलचा गुणक, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणारा आकडा, वाढवायला 'के' अक्षराचा प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड लागतो. बी-६६०, बी-७६० वर रॅमचा वेग वाढतो, प्रोसेसरचा गुणक नाही. एच-६१० वर दोन्ही नाही, आणि आपल्या बाजारात सगळ्यात जास्त खपतो तो नेमका हाच. एएमडीत बी-४५०, बी-५५० आणि एक्स मालिका चालते, ए-३२० आणि ए-५२० चालत नाहीत. ५८००एक्स-३डी ला गुणक बदलता येत नाही.

पायरी ९: प्रोसेसर

रॅम मूळ वेगावरच. दोन्ही एकदम वाढवले आणि कॉम्प्युटर पडला, तर दोष कुणाचा ते कळत नाही.

इंटेलवर: वेग म्हणजे १०० मेगाहर्ट्झ गुणिले गुणक. सगळ्या कोअरचा गुणक एकनं वाढवा, विंडोजमध्ये या, दहा मिनिटं सिनेबेंच. पास झाला तर पुन्हा एक. पडला तर व्होल्टेज ०.०१ ते ०.०२ नं वाढवा. लोड-लाईन कॅलिब्रेशन (भाराखाली व्होल्टेज किती सावरायचा ते ठरवणारी सेटिंग) मधल्या पातळीवर ठेवा. वरच्या टोकाला ठेवलं की भार अचानक सुटताना व्होल्टेज उसळी मारतो, आणि ती उसळी सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही. व्होल्टेज कधीही 'ऑटो'वर सोडून गुणक चढवत जाऊ नका. बोर्ड उदार असतात, लागेल त्यापेक्षा जास्त देतात.

व्होल्टेज महाग पडतो तो असा. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२५ वरून १.३५ वर गेलात तर १७ टक्के जास्त. वेगही ५ टक्क्यांनी वाढवला तर मिळून २२ टक्के. पाच टक्क्यांसाठी बावीस टक्के, तेही आपल्या उन्हाळ्यात. म्हणून मी गिऱ्हाइकाला उलट वाट सुचवतो: वेग मूळचाच ठेवा आणि व्होल्टेज थोडा थोडा कमी करत जा. प्रोसेसर गार राहतो आणि गार राहिला की बूस्ट, म्हणजे आपोआप वाढवलेला वेग, जास्त वेळ टिकवतो. मिरवायला आकडा मिळत नाही, पण काम होतं.

एएमडीवर तीच गोष्ट बायोसमधल्या कर्व्ह ऑप्टिमायझरनं होते, आकडा जितका उणे तितका व्होल्टेज कमी. सगळ्या कोअरना उणे १० पासून सुरू करा, मग १५, मग २०. रायझन ५००० वर उणे ३० हे टोक. मित्राचा उणे ३० चालतो म्हणून तुमचाही चालेल असं नाही, दोन चिप सारख्या नसतात. इथली अस्थिरता फसवी असते. जड टेस्ट पास होते आणि कॉम्प्युटर रिकामा बसलेला असताना रिस्टार्ट होतो. म्हणून कोअरसायकलर या प्रोग्रॅमनं एकेक कोअर तपासा, आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ-लॉगरची (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुका टिपणारा) १८ किंवा १९ क्रमांकाची नोंद दिसते का बघा. दिसली तर तीन-चार अंक मागे या.

सावधान: बोर्ड सुरूच झाला नाही तर घाबरू नका. बरेच बोर्ड दोन-तीनदा प्रयत्न करून आपोआप मूळ सेटिंगवर येतात. नाही आला तर प्लग काढून पॉवर बटन दाबून धरा, मग बोर्डावरच्या क्लिअर सीमॉसच्या (बायोसची सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना दहा सेकंद जोडा. जंपर सापडत नसेल तर बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा. प्लग लावलेला असताना यातलं काहीही करायचं नाही.

पायरी १०: रॅम

प्रोसेसर मूळ सेटिंगवर परत न्या, एक्सएमपी किंवा एक्सपो (एएमडीवरची तशीच सेटिंग) चालू करा. डीडीआर-४ चा व्होल्टेज १.२ वरून सहसा १.३५ वर जातो, ते ठीक. रायझन ५००० वर ३६०० ची रॅम आणि १८०० चा एफ-क्लॉक (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा वेग) ही जोडी जमते. रायझन ७००० वर ६००० च्या पुढं धावण्यात फारसा अर्थ नाही, आणि तिथं एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाचा) १.३ च्या आत आहे ना ते डोळ्यांनी बघा. २०२३ मध्ये काही बोर्डांवर प्रोसेसर जळल्यानंतर एएमडीनं ती मर्यादा घातली. जुन्या बायोसवर ती नसते.

पुन्हा मेमटेस्ट, पुन्हा रात्रभर. चूक आली तर वेग एक पायरी खाली. मग प्रोसेसर आणि रॅम दोन्हींच्या सेटिंग एकत्र लावा आणि आणखी एकदा.

पायरी ११: दुपारी तीनची परीक्षा

रात्री एसीत पास झालेली सेटिंग अजून पास नाही. दुपारी तीन ते चार, पंखा एवढाच चालू, कॅबिनेटची झाकणं बंद. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्हींवर एकाच वेळी एक तास भार द्या. दुसऱ्या दिवशी व्होल्टेज पडण्याच्या वेळेला, म्हणजे दिवेलागणीनंतर, तेच पुन्हा. हिवाळ्यात ओव्हरक्लॉक करत असाल तर आलेल्या कमाल तापमानात पंधरा अंश मिळवून बघा. बेरीज ९० च्या वर गेली तर आत्ताच एक गुणक उतरवा.

लातूरच्या ट्यूशन एरियातल्या पत्र्याच्या खोलीत राहणारा एक मुलगा रोज रात्री दोनला रेंडर (प्रोसेसरवर तासन्‌तास भार देणारं व्हिडिओचं काम) लावायचा, आणि तेव्हा कधीच काही पडलं नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी लावला आणि विसाव्या मिनिटाला निळा पडदा. गुणक एकनं कमी केला, व्होल्टेज ०.०३ नं उतरवला. रेंडरला दीड मिनिट जास्त लागतं, पण दुपारीही पूर्ण होतं.

शेवटची सेटिंग बायोसच्या प्रोफाइलमध्ये साठवा, आणि तेच आकडे एका चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवा: गुणक, व्होल्टेज, लोड-लाईनची पातळी, रॅमचा वेग, तारीख, त्या दिवशीचं खोलीचं तापमान. काही वर्षांनी बोर्डवरची बॅटरी संपेल किंवा बायोस बदलावा लागेल. बायोस बदलला की बऱ्याच बोर्डांवर साठवलेली प्रोफाइलही पुसली जाते, तेव्हा ही चिठ्ठीच हाताशी असेल.